किनाऱ्यावरून फेकायचा सोनार: मुंबईच्या पाण्याखालचा तळ कसा वाचावा

मुंबईच्या किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्याला पाण्याखालचं काहीच दिसत नाही. खाड्यांतून येणारा गाळ आणि दिवसातून दोनदा चढणारं-उतरणारं पाणी, यामुळे गुडघाभर पाण्यातसुद्धा तळ दिसेलच असं नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी बसणाऱ्यांना ठाऊक असतं की या दगडासमोर शिसं अडकतं आणि पलीकडे जिताडा मासा फिरतो. नव्या माणसाला तेवढं कळेपर्यंत बराच काळ जातो आणि पिशवीभर शिसं, गळ, लुअर (नकली आमिषं) तळाला जातात.

दोरीला बांधून फेकायचा सोनार, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारा तरंगता चेंडू, हा काळ खूप कमी करतो. पण तो घेताना मनात काय धरायचं, हे आधी ठरवून घ्या. दुकानात तो मासे दाखवणारं यंत्र म्हणून विकला जातो. मुंबईत मासा बघायला म्हणून घेतला तर तो चार दिवसांत कपाटात जातो. तळ समजून घ्यायला घेतला तर एका हंगामात तुमची गरवायची रीतच बदलून टाकतो. पुढचा सगळा लेख तळाबद्दलच आहे.

चेंडू नेमकं काय करतो

लिंबाहून मोठा, प्लास्टिकचा, पाण्यावर तरंगणारा हा चेंडू असतो. खालच्या बाजूने तो आवाजाचे ठोके पाण्यात सोडतो. हे आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाहीत. ठोका तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला, यावरून खोली काढली जाते. समुद्राच्या पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर असतो, म्हणजे पाच मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी सेकंदाच्या दीडशेव्या भागात परत येतो. ही माहिती चेंडू वायफायने किंवा ब्लूटूथने तुमच्या फोनकडे पाठवतो. या लहरी पाण्यातून जवळपास जात नाहीत, म्हणून चेंडू तरंगत राहणं गरजेचं असतं. लाटेखाली गेला की पडदा गोठतो.

आवाज सरळ रेषेत जात नाही. टॉर्चच्या झोतासारखा तो खाली पसरत जातो. हा झोत किती अंशांचा आहे, यावर पडद्यावरचा अर्धा अर्थ अवलंबून असतो. उदाहरणार्थ डीपर प्रो प्लसमध्ये दोन झोत आहेत: २९० किलोहर्ट्झचा १५ अंशांचा अरुंद आणि ९० किलोहर्ट्झचा ५५ अंशांचा रुंद. चार मीटर पाण्यात अरुंद झोत तळावर साधारण एक मीटर व्यासाचं वर्तुळ पाहतो, रुंद झोत चार मीटरहून जास्त. त्या चार मीटरमध्ये एक दगड, एक खड्डा आणि थोडी रेती असेल तर रुंद झोत सगळ्याची सरासरी करून गुळगुळीत रेघ दाखवेल. किनाऱ्याजवळच्या खडकाळ तळासाठी अरुंद झोतच ठेवावा. रुंद झोत मोकळ्या पाण्यात मासळीचा थवा आहे का, एवढं चाचपायला ठीक.

कोणता घ्यायचा

एकच प्रश्न विचारा: चेंडूच्या आत जीपीएस आहे का? असेल तर चेंडू जिथून जिथून ओढला जातो तिथली खोली नकाशावर रंगांत उमटत जाते. नसेल तर फक्त खोलीची रेघ दिसते आणि ती कुठली, हे तुम्हाला लक्षात ठेवावं लागतं. लिथुआनियाच्या डीपर कंपनीचा प्रो प्लस आणि चर्प प्लस, तसंच गार्मिनचा स्ट्रायकर कास्ट जीपीएस, हे आत जीपीएस असलेले. ब्लूटूथवर चालणारे छोटे चेंडू हलके असतात, कोणत्याही दांड्यावर चालतात, पण त्यांचा पल्ला कमी. तळ्याच्या काठावर ते पुरतात. वाऱ्या-लाटांच्या किनाऱ्यावर वायफायवालाच बरा.

कागदावर शंभर मीटरचा पल्ला लिहिलेला असला तरी तो सपाट, मोकळ्या पाण्यावरचा असतो. आपल्याकडे चेंडू लाटेच्या खळग्यात उतरला की संपर्क तुटतो. चाळीस-पन्नास मीटरमध्ये व्यवस्थित काम झालं तर समाधान मानावं. तसंही, शंभर ग्रॅमच्या आसपासचा गोल चेंडू त्यापलीकडे फेकणं सोपं नाही.

दांडा, दोरी, गाठ

यात काटकसर करू नका. चेंडू गमावण्याचं सगळ्यात मोठं कारण फेकताना तुटलेली दोरी हेच असतं. डीपर प्रो प्लस शंभर ग्रॅमचा आहे, म्हणून दांड्यावर लिहिलेली फेकीची क्षमता किमान शंभर ग्रॅम हवी, दीडशे असेल तर उत्तम. नऊ-दहा फुटांचा दांडा, पाच हजार किंवा सहा हजार नंबरच्या आकाराचं स्पिनिंग रीळ, चाळीस-पन्नास पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. पुढे साठ पौंडांचं मोनोचं (एकतंतू दोरीचं) लीडर, म्हणजे टोकाला जोडलेला तुकडा, फेकताना दोनतीन वेढे रिळावर राहतील इतकं लांब. ब्रेडला खडकाची धार लागली की ती पटकन तुटते, मोनो थोडी तग धरते.

लीडरला मजबूत स्नॅप स्विव्हल (उघडझाप होणारी फिरती कडी), पालोमार गाठीने. स्नॅप गंजलेला, वाकलेला किंवा स्वस्तातला नको. चेंडूवर दोरी अडकवायला एकाहून जास्त जागा असतात: एक किनाऱ्यावरून ओढण्यासाठी, एक जेट्टीवरून सरळ खाली सोडण्यासाठी. सोबतच्या पुस्तिकेतलं चित्र बघून योग्य जागा निवडा. चुकीच्या जागी बांधला तर ओढताना चेंडू कलंडतो, झोत तिरका जातो आणि खोली खरी असते त्यापेक्षा जास्त दिसते.

हा दांडा फक्त सोनारसाठी. गरवायचा दांडा वेगळा. एकाच दांड्यावर आलटून-पालटून काम करू लागलात की ना नकाशा पुरा होतो, ना मासेमारी.

घरून निघण्याआधी

चेंडू आणि फोन दोन्ही पूर्ण चार्ज करा. ॲप आधीच उघडून त्याला हवी ती परवानगी द्या, लोकेशन त्यात आलं. ज्या भागात जाणार तिथला नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, कारण फोन चेंडूच्या वायफायला जोडला की इंटरनेट नसतं. इथेच बरेच जण अडकतात: फोनला चेंडूच्या वायफायवर इंटरनेट सापडत नाही, म्हणून तो गुपचूप ते सोडून मोबाईल डेटावर जातो, आणि आपण किनाऱ्यावर चेंडूला दोष देत बसतो. म्हणून मोबाईल डेटा बंद करा. इंटरनेट नसलं तरी जोडलेलं राहायचं का, असं फोन विचारेल. हो म्हणा.

ॲपमध्ये पाण्याचा प्रकार खारं असा ठेवा. गोड्या पाण्यावर ठेवलात तर खोलीत दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो. एकक मीटर ठेवा, भरतीचे तक्तेही मीटरमध्येच असतात. माशांची चित्रं दाखवणारा पर्याय बंद करा. त्याचं कारण पुढे येईल.

फोनसाठी गळ्यात अडकवायचं जलरोधक पाकीट घ्या. फोन छातीशी, चेंडूच्या दिशेला. मागच्या खिशात ठेवलात तर तुमचं शरीरच लहरी अडवतं. शक्य तितक्या उंच जागी उभं राहिलं तर पल्ला वाढतो.

भरती-ओहोटी, सगळ्या कामाचा पाया

परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, कारण ते बहुतेक तळ्यांवर घेतलेले असतात. मुंबईत उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, दीड-दोन मीटर. सोनारने पाच मीटर दाखवलं, एवढ्याने काहीच कळत नाही. कधीचं पाच मीटर, हे सोबत हवं.

त्यासाठी भरतीचा तक्ता लागतो. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो आणि मुंबईसाठी अपोलो बंदर हे त्यातलं ठिकाण आहे. फोनवरची बहुतेक ॲप्सही चालतात. तक्त्यातली उंची ही एका ठरावीक खालच्या पातळीपासून मोजलेली असते. तिथपासून हिशेब केला की कोणत्याही दिवशी कोणत्याही वेळी त्या जागी किती पाणी असेल ते निघतं.

रीत अशी. सोनारवर दिसलेल्या खोलीतून त्या क्षणाची भरतीची उंची वजा करा. जे उरेल तो त्या जागेचा कायमचा आकडा. पुढे कधीही त्या वेळच्या भरतीची उंची त्यात मिळवा, तेव्हाची खोली मिळेल.

समजा, सकाळच्या भरतीला तक्त्यात ३.४ मीटर आहे. किनाऱ्याजवळ सोनार १.२ दाखवतो, पुढे २.६ आणि मग एकदम ४.१. वजाबाकी केली की उणे २.२, उणे ०.८ आणि अधिक ०.७. उणे म्हणजे ओहोटीला ती जागा उघडी पडते. संध्याकाळी पाणी ०.५ वर येईल तेव्हा पहिल्या दोन जागा कोरड्या, तिसरीत १.२ मीटर पाणी. म्हणजे तो खड्डा आहे, आणि ओहोटीला त्या भागातली मासळी एक तर तिथे राहते किंवा तिथून बाहेर पडते. एका वजाबाकीत गरवायची जागा आणि वेळ दोन्ही हाती आल्या.

तक्ता हाताशी नसेल तर कोकणात पूर्वापार चालत आलेला हिशेब आहेच: तिथीला तीनने गुणून चारने भागायचं. चतुर्थीला तीन वाजता भरती पूर्ण, अष्टमीला सहाला. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, हिशेब तोच. मिनिटा-मिनिटाला जुळणार नाही, पण निघायची वेळ ठरवायला पुरतो. उंची मात्र त्यातून मिळत नाही, म्हणून नकाशासाठी तक्ता हवाच.

आता दिवस निवडा. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस. तेव्हा भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास, म्हणून खोल ओहोटी सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी सहा-सातला येते. या ओहोटीला सोनार घरी ठेवा आणि नुसते डोळे घेऊन जा. बँडस्टँड, कार्टर रोड, हाजी अलीच्या आजूबाजूचा खडक तेव्हा उघडा पडतो. खडपाची टोकं, भेगा, पाणी साठून राहणाऱ्या घळी यांचे फोटो घ्या, मागे एखादी ओळखीची इमारत किंवा खांब येईल अशा बेताने. जे उघडं पडतं त्याचा नकाशा करायला सोनारची गरजच नाही.

सोनार न्यायचा तो भांगाला, अष्टमी ते दशमीच्या आसपास. भरती सकाळी सहा-सातच्या सुमारास पूर्ण होते, पाणी संथ असतं आणि भरतीच्या आगेमागे अर्धा-पाऊण तास पातळी फारशी हलत नाही. एकच उंची धरून सगळ्या खोल्यांतून वजा करता येते. नोकरीवर जाणाऱ्यालाही ही वेळ सोयीची.

शिकत असाल तर काम भरती चढत असतानाच सुरू करा. दोरी तुटली तर चेंडू किनाऱ्याकडे येण्याची शक्यता असते. ओहोटीला तुटला तर तो गेला.

जागा आणि माणसं

पहिला सराव संथ पाण्यावर करावा. पवई तलाव त्यासाठी चांगला. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन तिथेच आहे, त्यांचे नियम पाळून आणि परवानगी घेऊनच. पवईत मगरी आहेत, काठावर उकिडवं बसून चेंडू धुवायला जाऊ नका. जलपर्णीत चेंडू अडकतो, मोकळं पाणी बघून फेका.

समुद्रावर जुहू, अक्सासारख्या फुटत्या लाटांच्या पुळणीवर हा सोनार जवळजवळ निरुपयोगी आहे. फेसातल्या हवेच्या बुडबुड्यांवरून आवाज परततो आणि पडदा वरपासून खालपर्यंत भरून जातो. अक्सा तर पाण्याच्या ओढीसाठी कुप्रसिद्ध आहे, तिथे पाण्यात उतरूच नका. खडकाळ किनारे, जेट्ट्या, खाडीचे काठ आणि आडोशाचे उपसागर इथे यंत्र खरं काम करतं. मढ, मार्वे, मनोरीच्या खाडीत तर ते सोनं आहे, कारण खाडीचा खोल पट्टा कुठल्या काठाला लागून जातो हे वरून अजिबात कळत नाही. फेरीबोटीच्या वाटेत मात्र दोरी टाकू नका.

कोळीवाड्याजवळ असाल तर आधी तिथल्या माणसाशी बोला. "काका, इथं समोर जाळं लावलंय का?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा जाळ्याची जागा तर कळतेच, शिवाय खाली रेती आहे की खडप, हेही कळतं. पाण्यावर बोये (जाळ्याचे तरंगते गोळे) दिसले तर त्यांच्या पलीकडे फेकायचं नाही. जाळं त्यांचं पोट आहे, आपला छंद आहे. समुद्राखालची जमीन कोळी किती बारकाईने ओळखतात, याचं उदाहरण वरळीला सगळ्यांनी पाहिलं: कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांमधून होड्या सुरक्षित जाणार नाहीत, हे तिथल्या मच्छीमारांनी लावून धरलं आणि ६० मीटरचं ते अंतर अखेर १२० मीटर करावं लागलं. त्या रस्त्याचा पहिला टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. भरावामुळे वरळी ते प्रियदर्शिनी पार्क या पट्ट्यातल्या जुन्या खुणांवर आता विसंबता येत नाही. तिथला तळ नव्याने मोजावा लागेल, आणि असं काम या यंत्राला शोभतं.

नौदलाचा परिसर, बंदराची हद्द, तुर्भ्याचा अणुकेंद्राकडचा किनारा, इथे हे यंत्र नेऊच नका. २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरची पोलिसांची नजर वाढली आहे आणि दोरीला बांधलेला दिवा लुकलुकणारा चेंडू कुणाच्याही डोळ्यांत भरतो. ओळखपत्र जवळ ठेवा, विचारलं तर पडदा दाखवून शांतपणे सांगा.

मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर उतरू नका. त्यांच्या फटीत पाय गेला तर बाहेर येणं कठीण होतं. बँडस्टँडच्या खडकावर भरती मागून वळसा घालून येते आणि परतीची वाट बुडते, म्हणून घड्याळात गजर लावा. एकटे जाऊ नका, बुटांना पकड हवी, लाईफ जॅकेट अंगात हवं. जून ते सप्टेंबर खडकांवर जाणं पूर्ण बंद. त्या महिन्यांत पालिका साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते, त्या दिवशी किनारा गाठायचाच नाही.

फेक

झटका देऊन फेकू नका. चेंडू दांड्याच्या टोकापासून एक-दीड मीटर खाली लोंबू द्या, मागे नेऊन पूर्ण थांबू द्या, मग एकाच सलग हालचालीने वर-पुढे. तो उंच कमानीत जायला हवा. पाण्याला टेकण्याआधी रिळाच्या कडेवर बोट ठेवून दोरीला हळूच आवर घाला, म्हणजे चेंडू आपटणार नाही आणि दोरीची झोळही राहणार नाही. मागे माणसं नाहीत ना, हे प्रत्येक वेळी वळून बघा. शंभर ग्रॅमचा चेंडू डोक्याला लागला तर गंभीर इजा होते, आणि आपल्या किनाऱ्यांवर मागे कुणी नसेल असं सहसा होत नाही.

पाणी लागलं की चेंडू आपोआप सुरू होतो. जीपीएस पक्का व्हायला त्याला थोडा वेळ द्या. मग रीळ सावकाश, एकसारखं फिरवा, सावकाश चालणाऱ्या माणसाच्या गतीने. जोरात ओढलात तर चेंडूभोवती फेस होतो आणि रेघ तुटक येते.

एका जागेवरून पंख्यासारखी फेक करायची. आधी डावीकडे किनाऱ्याला जवळजवळ समांतर, मग थोडी सरळ, मग समोर, मग उजवीकडे. दोन फेकींमध्ये फार मोठं अंतर ठेवू नका, कारण अरुंद झोत एक मीटरभराचाच पट्टा पाहतो आणि मधलं ॲप अंदाजाने रंगवतं. तो रंगीत भाग पाहून फसू नका. जिथून चेंडू प्रत्यक्ष गेला तेवढंच खरं. मग वीस-पंचवीस पावलं सरकून पुन्हा तसंच.

चेंडूत जीपीएस नसेल तर रिळाचे वेढे मोजा. एका वेढ्यात किती दोरी येते हे रिळाच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. ८० सेंटिमीटर येत असेल तर तीस वेढे म्हणजे २४ मीटर. "चौदाव्या वेढ्याला खोली एकदम वाढली" असं वहीत लिहिलं की काम झालं.

खाडीत पाण्याला ओढ असेल तर फेकीऐवजी वेगळी रीत वापरा. चेंडू समोर टाकून दोरी थोडी थोडी सोडत त्याला प्रवाहाबरोबर काठाने वाहू द्या, मग ओढून घ्या. काठाला समांतर जाणारी लांब रेघ मिळते आणि खोल पट्टा काठापासून कुठे वळतो ते स्पष्ट होतं.

पडदा वाचणं

पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचा क्षण. डावीकडचं सगळं होऊन गेलेलं. चेंडू एका जागी थांबला तरी पडदा सरकतच राहतो, म्हणून लांब सपाट रेघ म्हणजे लांब सपाट तळ असं नाही. तुम्ही ओढायचं थांबला असाल.

तळाची रेघ पातळ, गडद आणि तिच्या बरोबर दुप्पट खोलीवर दुसरी फिकट रेघ दिसली तर तळ कठीण आहे: खडक किंवा घट्ट रेती. आवाज तळावरून पृष्ठभागावर आणि पुन्हा तळावर जाऊन आला, म्हणून ती दुसरी रेघ. रेघ जाड, पसरट, खालच्या बाजूला विरत गेलेली आणि दुसरी रेघच नाही, तर चिखल. मुंबईच्या खाड्यांत बहुतेक जागी हेच दिसेल. चिखलातून एकदम कठीण रेघ सुरू होते ती जागा खुणेची. तिथे खडपाची कड, कालवांचा थर किंवा जुनं बांधकाम असू शकतं, आणि तशा कडेला मासे थांबतात.

रेघेला करवतीसारखे दाते दिसले तर लगेच खडक समजू नका. पाण्याकडे बघा. प्रत्येक लाटेबरोबर एक दाता पडत असेल तर ती लाट आहे. चेंडू वर-खाली होतोय एवढंच. खरा दगड लाटेच्या तालावर उगवत नाही, आणि त्याच जागेवरून पुन्हा ओढलं की पुन्हा तिथेच येतो. शंका असेल तिथे दुसरी फेक, हाच उपाय.

आता मासे. सोनारला माशाचं मांस फारसं दिसत नाही, त्याच्या पोटातली हवेची पिशवी दिसते. हवा आवाजाला जोरात परतवते. म्हणून जिताडा, घोळ, शिंगाळा दिसू शकतात, पण पाकट आणि लेप यांना तशी पिशवी नसते आणि ते तळाला चिकटून असतात. ते पडद्यावर येणार नाहीत. आणि नेमक्या याच कारणाने हवा धरलेली प्लास्टिकची पिशवी हुबेहूब माशासारखी दिसते. आपल्या पाण्यात अशा पिशव्या किती आहेत हे सांगायला नको. माशांची चित्रं काढणारं ॲप प्रत्येक पिशवीचा मासा करतं, म्हणून तो पर्याय बंद ठेवायचा आणि कच्ची प्रतिमा वाचायची. चेंडू सरकत असताना मासा झोतात आला तर कमान उमटते. चेंडू स्थिर असेल आणि मासाही थांबलेला असेल तर लांब आडवी रेघ. कमान तिरकी वर चढत असेल तर त्या वस्तूला जीव आहे, हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

संवेदनशीलता आधी पूर्ण कमी करून मग हळूहळू वाढवा. गढूळ पाण्यात ती जास्त ठेवली तर गाळाचे ठिपके पडदा भरून टाकतात.

नकाशावरून गळापर्यंत

तळाचे आकडे हाती आले की गरवायचा दांडा बाहेर काढायचा. बघायच्या जागा तीनच: खोली एकदम बदलते ती कड, ओहोटीलाही पाणी राहणारा खड्डा आणि तिवरांतून पाणी बाहेर पडणाऱ्या ओहोळाचं तोंड. ओहोटी लागली की तिवरांतली कोळंबी आणि बोय माशाची पिल्लं पाण्याबरोबर बाहेर येतात आणि जिताडा अशा तोंडाशी, खोलगट बाजूला, प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. लुअर उथळ बाजूला टाकून कडेवरून खोलीकडे आणायची. शिसं लावून आमिष टाकत असाल तर कडेच्या खालच्या बाजूला, कठीण रेघ संपते तिथे. तिवरांत शिरून मुळं तुडवू नका, काठावरूनच सगळं जमतं.

पाणी कोणत्या तासाला किती उतरेल यासाठी बारा भागांचा नियम पुरतो. ओहोटीच्या सहा तासांत पहिल्या तासाला बारावा भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला प्रत्येकी तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. उधाणाला पाणी चार मीटर उतरणार असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी एक मीटर जातं. सगळ्यात जोराची ओढ तेव्हाच. वरच्या उदाहरणातल्या खड्ड्याच्या कडेवर पाणी केव्हा मीटरभर उरेल, हे यावरून घरबसल्या काढता येतं.

घरी आल्यावर

समुद्राच्या मिठाने या चेंडूची धातूची टोकं खराब होतात, आणि चेंडू सुरू होणं आणि बऱ्याच बनावटींत चार्ज होणंही त्यांच्यावरच अवलंबून असतं. आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवा, जुन्या मऊ ब्रशने टोकांभोवतीचं मीठ काढा, पुसून कोरडा करा. ओला चेंडू पिशवीत कोंबलात तर पाणी लागलंय असं समजून तो आत सुरूच राहतो आणि पुढच्या वेळी बॅटरी संपलेली मिळते. चार्जिंगचं झाकण उघडण्याआधी बोटं आणि चेंडू दोन्ही कोरडे हवेत, बंद करताना रबराच्या कडेत रेतीचा कण नको. लीडरचा शेवटचा मीटर बोटांतून ओढून बघा, खरखरीत लागला तर कापून नवी गाठ मारा. चेंडूवर पक्क्या शाईने स्वतःचा फोन नंबर लिहा. कोळ्याच्या जाळ्यात सापडला तर परत यायला तेवढी सोय हवी.

आकडे त्याच दिवशी वहीत उतरवा: तारीख, तिथी, वेळ, भरतीची उंची, जागेची खूण, खोली, तळ कसा. पावसाळ्यात रेती आणि गाळ सरकतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये जुन्या खुणांवरून एकदा चेंडू पुन्हा ओढा आणि बदललेले आकडे त्याच पानावर, जुन्यांच्या शेजारी लिहा.